गाळ बसेपर्यंत

पाणीखात्यात तिला निवळी म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे निवळी. चुना खाली बसला की वर जे नितळ पाणी राहतं ती निवळी. ज्याने हे नाव ठेवलं त्याला तिचं कौतुक होतं, की ही बाई वेळेवर कधी काही बोलत नाही याचा वैताग होता, ते कळायला मार्ग नाही. बहुधा दोन्ही.

तिचं काम बघत राहण्याचं होतं. शहराला पाणी देणाऱ्या केंद्रात, मोठ्या टाक्यांच्या मागे, एक लांबट खोली होती. पांढऱ्या फरशा, एक दगडी ओटा, ओट्यावर एका रांगेत काचेची उभी भांडी. सकाळी नदीचं गढूळ पाणी त्यांत भरायचं, प्रत्येकात तुरटी कमीजास्त घालायची आणि यंत्र सुरू करायचं. यंत्राच्या पात्या आधी जोरात फिरत, मग हळूहळू, मग थांबत. त्यानंतर खरं काम. कुठल्या भांड्यात मातीचे पुंजके लवकर धरतात, कुठल्यात लवकर तळाला जातात, हे बघायचं आणि त्यावरून त्या दिवशी टाक्यांत किती तुरटी टाकायची ते सांगायचं. ओट्याला कोपर टेकायचं नाही. टिचकी मारून बघायची नाही. अधूनमधून कोणीतरी दारातून ओरडे, "झालं का ताई?" आणि ती मान न वळवता म्हणे, "बसतंय."

हे तिला शिकवलं थोरल्या साहेबांनी. ते तिथले जुने केमिस्ट, आता हयात नाहीत. ती नवी असताना एकदा अर्धवट ढवळलेल्या पाण्याकडे बघून तिने घाईने आकडा सांगितला होता. साहेब रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "हललेल्या पाण्याबद्दल मत देणारा माणूस एकतर मूर्ख असतो, नाहीतर घाईत. तू कोण?"

"कोणीच नाही, साहेब."

"मग गप्प बस. गाळ खाली जाऊ दे. पाणी आपणहून सांगतं."

पाण्याच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. तिची चूक एवढीच झाली की तिने ते माणसांनाही लावलं. घरात भांडण उठलं, कोणी वेडंवाकडं बोललं की ती थांबे. आधी आपल्या मनातला गाळ खाली बसू दे, मग बोलू. शेजारच्या बायका म्हणत, किती शांत बाई. शांत कुठली, आतून उकळत असे. पण झाकण घातलेल्या पातेल्यातलं उकळणं दिसत नाही आणि तिच्या चेहऱ्यावरही दिसत नसे. आणि तिचं निवळेपर्यंत लोक जेवून, झोपून, आपापल्या गावी परत गेलेले असत.

घरात दुसरा एक नियम होता, तो वडिलांचा. घरचे मोठे निर्णय सुटीच्या दिवशी दुपारी जेवताना होत. वडील आपलं म्हणणं मांडत आणि जेवत राहत. ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने जेवण संपायच्या आत घ्यावी. जेवण झालं की ते उठत, मोरीत जाऊन हात धूत, आणि हात धुतले की विषय संपला. त्यानंतर कोणी रडो, पाया पडो, उपाशी राहो. "तोंड जेवायलाच दिलं होतं का?" एवढंच विचारत. एरवी माणूस मायाळू होता. पण मायाळू माणसाचे नियम जास्त घट्ट असतात, कारण त्यांच्याविरुद्ध बोलायला जीव होत नाही.

सेटल हा शब्द तिला भेटला तो त्याच पंगतीत.

तो शब्द इंग्रजी आहे हे तिला कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं. घरातल्या मिठाच्या बरणीसारखा तो हाताशी असे. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, रसायनशास्त्र घेतलं होतं, आणि धाकट्या भावाची शाळा संपत आली होती. वडिलांनी भात कालवत सांगितलं, "पाणीखात्यात एक जागा निघालीय. माझ्या ओळखीने होईल. तू तिथे चिकट. ह्याला इंजिनिअर करायचं तर एका पगारात भागणार नाही. आधी हा सेटल होऊ दे, मग तुझं बघू."

तिने मनात म्हटलं, आत्ता नको, आत्ता तोंडातून काहीतरी वाकडं जाईल. थोरले साहेब तर तिला अजून भेटायचे होते. म्हणजे हा स्वभाव मुळातलाच, साहेबांनी त्याला फक्त सर्टिफिकेट दिलं. आईने तिच्याकडे बघितलं, तिने ताटाकडे. वडील उठले. मोरीतून पाण्याचा आवाज आला.

असं तिने कॉलेजवर पाणी सोडलं आणि पाण्याच्याच खात्यात लागली. या विनोदावर ती पुढे कधीमधी स्वतःच हसे. दुसऱ्या कोणाला हसू देत नसे.

आता धाकट्याचं ऐका, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. त्याला इंजिनिअर व्हायचं नव्हतं. त्याला लाकूडकामाचं वेड होतं. गल्लीच्या तोंडाशी सुताराचं दुकान होतं, तिथे तो तासन्तास बसे आणि घरी येऊन खुर्च्यांचे पाय तपासत फिरे. पण जेवताना तोही गप्प बसला होता. ताई नोकरीला लागून दोनतीन महिने झाले असतील. एका सकाळी ती डबा भरत होती तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. डोळे सुजलेले.

"ताई, मला नाही जमणार ते. मी बाबांना सांगतो. तू माझ्या बाजूने बोल ना."

तिने डब्याचं झाकण लावलं. या एका प्रसंगात मात्र तिला थांबावं लागलं नाही. उत्तर तयार होतं.

"हात धुतले त्या दिवशी. आता विषय संपला."

"पण तुझंसुद्धा तर..."

"माझं संपलं तसं तुझंही संपलं. माझं कॉलेज काय फुकट गेलं का? मुकाट्याने जा आणि सेटल हो."

तो गेला. इंजिनिअर झाला, दुसऱ्या शहरात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. यंत्रांचे आराखडे तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं. घरी आला की अजूनही नकळत खुर्ची उलटी करून बघतो आणि मग खाली ठेवतो. त्याने त्या सकाळचा विषय पुन्हा कधी काढला नाही. तिला वाटलं, विसरला.

हा सेटल झाल्यावर तिचं बघायचं होतं. पण तोवर आईने अंथरूण धरलं. आई गेली तोवर तिच्यासाठी बघण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. म्हणजे स्थळं येत, पण ती दुसरेपणाची, किंवा ज्यांना बायको नको, रजा न घेणारी नर्स हवी अशांची. मग वडील थकले. ती सकाळी टाक्या बघे, संध्याकाळी वडिलांना. लोकांना वाटे, तिने त्याग केला. तिला स्वतःला तसं कधी वाटलं नाही. तिला वाटे, आपली पाळी यायची आहे.

आणि पाळी आली, असं तिला एकदा खरंच वाटलं. घर दुमजली. खाली वडील, वर दोन खोल्या. वरच्या खोल्या लहान, पण उजेडाच्या. एकीत तिची खाट आणि कॉलेजातली जाडजूड पुस्तकं, दुसरीत शेगडी, दोन भांडी आणि खिडकीत ओळीने कुंड्या. त्या खोल्यांत ती जन्मभर राहिली होती, पण ताबा आणि मालकी यांतला फरक तिला कळत होता. धाकटा बायकोला घेऊन आला होता. सगळे जेवत होते. वडिलांनी घास गिळून सांगितलं, "माझ्यामागे वरच्या दोन खोल्या हिच्या. खालचं तू ठेव, भाड्याने दे, काय ते कर. वरती हात लावायचा नाही."

धाकटा काही बोलला नाही. भावजयीने आणखी भात वाढून घेतला. वडील उठले, हात धुतले.

झालं. तिच्या दृष्टीने सरकारी शिक्का बसला. कागदावर आणायचं तिच्या मनातही आलं नाही. तुमच्या-माझ्या मनात पहिलं तेच आलं असतं, पण ज्या घरात पंचवीस-तीस वर्षं मोरीतल्या पाण्याच्या आवाजावर आयुष्यं ठरली, तिथे कागदाचं नाव काढणं म्हणजे वडिलांना खोटं म्हणणं. वडील पुढच्याच वर्षी गेले.

इंग्रजीचा क्लास तिने लावला तो भाचीसाठी. भावाची मुलगी दुसऱ्या शहरात, इंग्रजी शाळेत वाढलेली. मराठी तिला कळे पण जिभेवर येत नसे. फोनवर आत्याशी बोलायची म्हणजे "आत्या, हाऊ आर यू" आणि मग दोन्हीकडे शांतता. मुलगी गोड होती. तिच्याशी चार वाक्यं बोलता यावीत एवढीच निवळीची इच्छा. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती, संध्याकाळ रिकामी होती. वाचनालयाच्या माडीवर मोठ्या माणसांचा वर्ग भरे. शिकवणाऱ्या बाई तरुण आणि फटकळ. त्यांची पद्धत वेगळी होती: आठवड्याला एकच साधासा शब्द, आणि प्रत्येकाने त्यावर आपल्या स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य आणायचं. पुस्तकातलं चालणार नाही. "ज्याला स्वतःचं वाक्य नाही त्याला तो शब्द आला नाही," असं त्या म्हणत.

वर्गात मोजकी माणसं. एक बसड्रायव्हर, बोलका. एक ब्यूटी पार्लरवाली, त्याहून बोलकी. बाकीचे ऐकणारे.

एके दिवशी बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला: सेटल.

"हा तर मराठीच आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"मग सांगा अर्थ."

"माझा पोरगा सेटल झाला. म्हणजे नोकरी, बायको, हप्ते."

"हप्ते धरलेले नाहीत त्यात."

"असतील बाई. डिक्शनरी लिहिणाऱ्याने घर घेतलं नसेल."

पार्लरवालीने तिचं वाक्य सांगितलं: एका गिऱ्हाइकाशी भांडण झालं होतं, ते तिने एक फेशियल करून सेटल केलं. बाई म्हणाल्या, उत्तम, हा मिटवण्याचा अर्थ. मग निवळीकडे बघितलं. ती उभी राहिली आणि अडखळत बोलली, "द मड सेटल्स. वी वेट."

बाईंनी खडू खाली ठेवला. "हे सगळ्यांत मुळातलं वाक्य. हा शब्द बसण्यावरूनच आलाय. पूर्वी तिकडे बसण्याच्या बाकालाच सेटल म्हणायचे. गाळ तळाला बसतो, पक्षी फांदीवर बसतो, पोट बिघडलं की पुन्हा ठिकाणावर बसतं, माणूस एका जागी बसतो. सगळे सेटलच."

"म्हणजे ज्याला बसायला स्वतःची जागा मिळाली तो सेटल," पार्लरवाली म्हणाली.

"तसं धरा."

निवळीला आपल्या खिडकीतल्या कुंड्या दिसल्या. आपणही आहोत की मग, तिला वाटलं. जन्मभर हा शब्द दुसऱ्यांच्या अंगावर चढवला, आणि आपल्यालाच तो कधीचा बसला होता. फार दिवसांनी तिला स्वतःबद्दल बरं वाटलं. मग तिने विचारायचं ते विचारलं.

"आणि बाई, कोणी कळवलं की घराचं सेटल करायला येतोय, तर?"

"कोणी कळवलं?"

"माझ्या भावाने. या सुटीला येतोय."

ड्रायव्हरने पार्लरवालीकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "तर तो विषय संपवायला येतोय. कोणाच्या बाजूने, ते तुम्ही काय बोलता त्यावर."

"सेटल करायला आलेला माणूस हात हलवत परत जात नाही," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्या डेपोत बघितलंय मी."

"ताई, तोंड उघडा हं," पार्लरवाली म्हणाली. "तुमचं तोंड म्हणजे बँकेतलं लॉकर. दोन किल्ल्या लागतात."

सगळे हसले, तीही हसली. तिने त्यांना खोल्यांचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. वडिलांचा शब्द झालेला आहे, भाऊ तिथेच जेवत होता, तो कशाला मोडेल. बाईंचा चेहरा आंबट झाला.

"ते सगळं ठीक. पण तो बोलल्याबरोबर तुम्ही काय म्हणणार?"

"या खोल्या माझ्या आहेत."

"कोणाला ऐकू आलं का?" बाईंनी वर्गाला विचारलं. ड्रायव्हरने कानामागे हात धरला. तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. शेवटी ती बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाली, "या खोल्या माझ्या आहेत. मी कुठे जाणार नाही," आणि पार्लरवालीने टाळी वाजवली.

तास संपताना बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात आणखी एक वापर लिहिला: सेटल फॉर. "हवं होतं एक, मिळालं दुसरं, आणि आपण म्हणालो, चालेल. ते हे."

"म्हणजे लग्न," ड्रायव्हर म्हणाला.

निवळीने ते उतरवून घेतलं आणि पेनला टोपण लावलं. त्याचा आपल्याशी काही संबंध आहे असं तिला त्या दिवशी वाटलं नाही.

भाऊ आला, भावजय आली. भाची आली नाही, तिची परीक्षा होती. सुटीचा दिवस होता. निवळीने सकाळपासून स्वयंपाक केला आणि भांडी घासताना, भाजी चिरताना ते वाक्य पुटपुटत राहिली. पाठ झालं होतं. खालच्या खोलीत तिघं जेवायला बसली. भाऊ नकळत वडिलांच्या जागी बसला. तिच्या ते लक्षात आलं आणि तिने ते सोडून दिलं.

"ताई," तो भात कालवत म्हणाला, "तुझ्या लाडकीला बाहेर प्रवेश मिळालाय. परदेशात."

"हो? कधी कळलं?"

"झाले थोडे दिवस. म्हटलं समोरच सांगू. दोन वर्षांचा कोर्स. मग तिकडेच नोकरी. एकदा ती तिकडे लागली की प्रश्न मिटला."

"पोरीचं नशीब," भावजय म्हणाली. "तुमचा आशीर्वाद, ताई."

निवळीला खरंच आनंद झाला. आनंद होत असतानाच भाऊ पुढे बोलला, त्यामुळे तिचं ताट, पाणी, आनंद सगळं एकाच वेळी हललं.

"त्यासाठी घर विकावं लागेल. पूर्ण. घेणारा अख्खं घर मागतोय, नुसता खालचा मजला त्याला नको. तुझा वाटा तुला मिळेल, त्यात काही मागेपुढे नाही. एखादी चांगली खोली बघू तुझ्यासाठी, तुझ्या कामाच्या जवळ. आधी ही सेटल होऊ दे ताई, मग तुझं नीट बघू."

तेच वाक्य. त्याच खोलीत, त्याच जागेवरून, तोंडात तसाच घास असताना. भावाला ते जाणवलंसुद्धा नसेल. माणसं वडिलांच्या खुर्चीबरोबर वडिलांची वाक्यंही घेतात आणि त्यांना वाटतं आपलीच आहेत.

पाठ केलेलं वाक्य तिच्या जिभेपर्यंत आलं होतं. पण त्याच्यामागून आणखी बरंच काही वर येत होतं. कॉलेजातली प्रयोगशाळा. आईचं बेडपॅन. दुसरेपणाच्या स्थळांपैकी एकाने तिचे दात बघितले होते ते. आणि ती मुलगी, जिचा यात काही दोष नव्हता. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल याचा नेम नव्हता. एखादा असा शब्द जाईल की भाऊही जाईल आणि भाचीही. तिने स्वतःला सांगितलं, थांब. दोन मिनिटं. हे खाली बसू दे, मग नीट, शांतपणे बोल. तिने ताटातल्या मिठाकडे नजर लावली, जशी भांड्यांकडे लावत असे.

भावजयीने विचारलं, "ताई, भाजी वाढू?"

तिने मान हलवली. नको या अर्थाने.

भावाने ताक प्यायलं. तो तिच्याकडे बघत होता, हे तिला कळत होतं. घाई केली नाही त्याने, ते मान्य करायला हवं. ताक संपवून पेला उपडा ठेवला, थोडा वेळ तसाच बसला. मग उठला. मोरीत नळ सुटला.

तिचं निवळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. उठली तेव्हा डोकं स्वच्छ होतं, वाक्य जागेवर होतं. खाली आली तर भाऊ चहा पीत होता आणि एक खुर्ची उलटी करून तिचा पाय बघत होता.

"या खोल्या माझ्या आहेत," ती म्हणाली. "मी कुठे जाणार नाही."

त्याने खुर्ची सुलटी केली. "कालच फोन केला ताई मी त्यांना. हो म्हणून सांगितलं."

"बाबांनी हात धुतले होते. तू समोर होतास."

"हो ना. आणि काल मी धुतले. तू समोर होतीस."

"ते बाबा होते."

"मग नियम कोणाचा, बाबांचा की घराचा? तूच सांगितलं होतंस मला. इथेच. डबा भरत होतीस." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी तुला म्हटलं होतं, माझ्या बाजूने बोल. तू काय म्हणालीस ते मला पाठ आहे. तीस वर्षं रोज ऑफिसच्या पायऱ्या चढताना म्हणायचो मी ते."

आतून भावजय म्हणाली, "अहो, कशाला जुनं काढताय," आणि गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"काल मी वाट बघितली, ताई," तो म्हणाला. "खरंच बघितली. बोलली असतीस तर मी दुसरं काहीतरी केलं असतं."

हे खरं होतं की नाही, देव जाणे. बोलून झाल्यावर खरं वाटणाऱ्या गोष्टी माणसं फार सहज बोलतात. पण तिला ते खरं वाटलं, आणि जे नुकसान व्हायचं ते त्यानेच झालं. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात. हिच्या तर खोल्या विकल्या गेल्या, त्याही हिच्याच गप्प बसण्याने.

तिच्या सहीशिवाय घर विकता येत नव्हतं. हे तिला वर्गात बाईंनी ओरडून सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, पेनच उचलू नका. हात मोडलाय म्हणा, मी प्लास्टर घालून आणतो." पार्लरवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. निवळीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याला मी बाबांचाच नियम लावला होता." बाईंनी खडू टेबलावर आपटला. पण जो नियम मोडून तिच्या खोल्या वाचणार होत्या त्याच नियमाने तिने एका मुलाचं आयुष्य बांधलं होतं. तो तिच्या सोयीने मोडायचा, तर मग तेव्हा का नाही मोडला, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिने सही केली. शहाणपणा नव्हता तो. सचोटी होती, आणि सचोटीने आजवर कोणाच्या डोक्यावर छप्पर घातलेलं ऐकिवात नाही.

तिची नवी खोली पंपहाऊसच्या मागच्या वस्तीत आहे. तळमजला, एक खिडकी, समोर भिंत. कुंड्यांपैकी दोन जगल्या. पुस्तकं खाटेखाली गेली. तिच्या वाट्यात तिथे तेवढंच आलं. हवं होतं एक, मिळालं दुसरं. वर्गात पुढच्या आठवड्याला बाईंनी नवा शब्द लिहिला तेव्हा ती हजर होती. जुन्या शब्दाचं तिचं एक वाक्य राहिलंय, असं बाईंनी म्हटलं नाही आणि तिनेही दिलं नाही.

भाची परदेशी गेली. जायच्या आधी तिचा फोन आला, "आत्या, थँक यू फॉर एव्हरीथिंग." निवळीने न अडखळता इंग्रजीत उत्तर दिलं, नीट खा, नीट झोप, पोचलीस की फोन कर. मुलगी म्हणाली, "युअर इंग्लिश इज सो गुड." तेवढ्यासाठी क्लास लावला होता, तेवढं मिळालं.

कामावर अजून ती भांडी भरते, पात्या थांबवते, बघत राहते. कोणी दारातून विचारतं, "झालं का ताई?" ती म्हणते, "बसतंय." पाण्यापुरता तो नियम चांगला आहे.

एका सुटीच्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. नुकतंच जेवण झालं असावं, मागे भांड्यांचा आवाज होता. भाची तिकडे रमली, हवा मानवली, खोली छान मिळाली, असं सगळं त्याने सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, "आणि तू ताई? झालीस ना तिकडे सेटल?"

या खेपेला ती थांबली नाही.

"नाही," ती म्हणाली.

आता तो थांबला होता. मग त्याने फोन कुठेतरी ठेवल्याचा खट आवाज झाला, आणि लांबून, भांड्यांच्या पलीकडून, नळ सुटल्याचा आवाज आला. ती फोन कानाला लावून ऐकत राहिली. बराच वेळ तो हात धूत होता.